कॅम्परमधलं दूध पहिल्याच संध्याकाळी का नासतं? फ्रीज बदलण्याआधी हे तपासा

तक्रार जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच शब्दांत येते. कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-जेवणाची सोय केलेली गाडी, घरासमोर उभी होती तेव्हा तिच्यातला फ्रीज झकास चालत होता. सकाळी सामान भरलं, निघालो, गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हाही आतला दिवा लागत होता. संध्याकाळी समुद्रावर पोचून दूध तापत ठेवलं तर ते फाटलं. पाणी कोमट, दही आंबट, आणि मटणाचा डबा उघडायचं कुणाच्या मनात येईना. मग घरात सगळ्यांचं एकमत होतं, फ्रीज खराब आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग करतो. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मोठ्या व्हॅनचा कॅम्पर करून घेणारे आता बरेच येतात. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानंतर भाड्याने गाडी देऊ पाहणारेही विचारायला लागले. त्यांच्या गाड्या उघडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय. बहुतेक वेळा फ्रीज ठणठणीत असतो. गारवा गाडी निघायच्या आधीच, सामान भरतानाच, खर्ची पडलेला असतो. उरलेल्या बहुतेक वेळा दोष वायरीत नाहीतर हवेच्या वाटेत सापडतो. खुद्द फ्रीज बिघडलाय असं क्वचितच निघतं.

आधी मोजा, मग बोला

फ्रीजच्या डिस्प्लेवर दिसणारा आकडा म्हणजे सेन्सर जिथे बसवलाय तिथलं तापमान. तुमच्या दुधाचं तापमान वेगळं असू शकतं. लांब वायरीचा, टोकाला प्रोब असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. फ्रीजच्या मधोमध पाण्याने भरलेला पेला ठेवा आणि प्रोब त्या पाण्यात सोडा. हवेत सोडलेला प्रोब दार उघडलं की उड्या मारतो, पाण्यातला खरं सांगतो. रात्रभर ठेवून सकाळी बघा. आकडा ५ अंश किंवा त्याखाली असला पाहिजे. दूध, मटण, शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात राहिलं की त्यात जंतू वाढतात, म्हणून हा आकडा.

घरी उभ्या गाडीत, घरच्या लाईटवर, रात्रभर चालवूनही पाणी ८-१० अंशांवरच राहत असेल, तर फ्रीज, त्याची हवा किंवा दाराचं रबर यांत दोष आहे. घरी ४ अंश आणि प्रवासात १५ अंश असेल, तर दोष भरण्यात किंवा वायरीत आहे. एवढ्या एका मोजमापावर निम्मं काम उरकतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी

कॅम्परमधला फ्रीज घरच्या फ्रीजसारखा दणकट नसतो. चाळीस-पन्नास लिटरचा १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रीज साधारण ४५ ते ६० वॉट वीज घेतो आणि तासाला फार मोजकी उष्णता बाहेर काढू शकतो. गार सामान गार ठेवणं त्याला सहज जमतं. गरम सामान गार करणं त्याला जड जातं.

हिशोब करून बघा. एप्रिलमधलं टाकीचं पाणी सहज ३० अंशांचं असतं. असं दहा लिटर पाणी ५ अंशांवर आणायचं तर त्यातून साधारण १०५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ पूर्ण वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल शोषून घेतो. म्हणजे घरातल्या माठाशेजारी ठेवलेल्या दहा बाटल्या तुम्ही बर्फाच्या पेटीत टाकल्यात, तर तीन किलोच्या वर बर्फ फक्त त्या बाटल्यांवर खर्च झाला. दूध, मटण, उन्हाळा, वारंवार उघडणारं झाकण या सगळ्यांचा हिशोब अजून बाकीच आहे.

फ्रीजचं गणितही तसंच. बाटल्या, दूध, भाज्या, डबे मिळून वीस किलो सामान ३० अंशांवरून ५ वर आणायला छोट्या कॉम्प्रेसरला न थांबता दहा तास तरी चालावं लागतं. बॅटरीत किती वीज मावते ते अ‍ॅम्पिअर-तासांत मोजतात. या कामात बॅटरीतले पस्तीस-चाळीस अ‍ॅम्पिअर-तास जातात. १०० अ‍ॅम्पिअर-तासाच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मंच वापरायचं असतं, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे बॅटरीचा वापरता येणारा बहुतेक साठा सामान गार करण्यातच संपला. सकाळी सातला कोमट सामान भरून निघालेला माणूस संध्याकाळी पाचपर्यंत गार पाण्याची वाट बघणार, आणि दर तासाला मुलं दार उघडणार. फ्रीजने काय करावं?

म्हणून फ्रीज निघायच्या आधी पूर्ण एक दिवस चालू करा, घरच्या २३० व्होल्टवर. उचलता येणारा फ्रीज असेल तर अ‍ॅडॅप्टर लावून सरळ स्वयंपाकघरात ठेवा आणि सकाळी भरलेलाच गाडीत उचलून ठेवा. दोघं लागतात उचलायला, पण याइतका उपयोगी उपाय दुसरा नाही. गाडीत कायमचा बसवलेला असेल तर घरातून जाड वायरीचं एक्स्टेन्शन ओढा. अपार्टमेंटमध्ये गाडीपर्यंत वायर पोचत नसेल, तर निदान सगळं सामान घरच्या फ्रीजमध्ये आदल्या रात्री गार करून घ्या आणि गाडीतला फ्रीज पहाटे गोठवलेल्या बाटल्या ठेवून थंड करा.

दुकानातून आणलेलं काहीही थेट गाडीच्या फ्रीजमध्ये जाऊ नये. त्याचा रस्ता घरच्या फ्रीजमधून. थंड पेयांच्या बाटल्या, ताक, लस्सी, सगळं आधी घरी रात्रभर. गोकुळ दुधाच्या थंड पिशव्या निघायच्या सकाळी घेतल्या तर चालतात, कारण त्या गारच मिळतात. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं समोर पिळलेलं म्हशीचं दूध बरोबर न्यायची हौस असेल तर जरूर न्या, पण ते म्हशीच्या अंगाएवढं गरम असतं. आदल्या संध्याकाळी तापवून, थंड करून, घरच्या फ्रीजमध्ये रात्र काढल्यावरच ते गाडीत चढवा.

पाण्याच्या चार-पाच बाटल्या घरच्या फ्रीजरमध्ये गोठवा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून बाटली गळ्याखालपर्यंतच भरा. सगळ्या बाटल्या एकाच रात्री कोंबू नका. घरचा फ्रीजरही मोजकीच उष्णता काढतो, आणि सकाळी बाहेरून बर्फ अन् आत पाणी अशा बाटल्या हातात येतात. दोन-तीन दिवस आधीपासून थोड्या थोड्या गोठवत जा. या बाटल्या फ्रीजमधली रिकामी जागा भरतात, दार उघडल्यावर आतली गार हवा सांडण्याचं प्रमाण कमी करतात आणि वितळल्यावर प्यायलाही होतात.

थर्मोस्टॅट शेवटच्या टोकाला फिरवला की फ्रीज जास्त जोरात गार करतो, असा समज घरोघरी आहे. साध्या थर्मोस्टॅटमध्ये तसं होत नाही. तो आकडा कॉम्प्रेसरने कुठे थांबायचं एवढंच सांगतो. कोमट सामान भरून आकडा टोकाला नेला तर सामान तितक्याच वेळात गार होतं आणि पुढे पहाटे कोथिंबीर गोठून काळी पडते.

घरी चालतो, गाडी बंद केली की बसतो

ही तक्रार घेऊन आलेले एक गिऱ्हाईक गाडी लावताच म्हणाले, "मिस्त्री, गाडी चालू हाय तवर फ्रीज चालतोय. बंद केली की टक करून बसतोय. बॅटरी नवीन टाकलीया, तरी तसंच."

बॅटरीवर मीटर लावला, १२.४ व्होल्ट. मागे फ्रीजच्या सॉकेटवर लावला, तिथेही १२.४.

"बघा की, व्होल्टेज तर सारखंच हाय."

"थांबा दादा, आता फ्रीज लावा आणि मीटरकडं बघा."

त्यांनी पिन खोचली. कॉम्प्रेसर घरघरला आणि सॉकेटवरचा आकडा उतरायला लागला. ११.८, ११.४, ११.२. टक्. फ्रीज बंद. आकडा परत १२.४. मिनिटाभराने फ्रीजने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

वायर ओढून बघितली तर चटईखालून, दिव्यांसाठी वापरतात तशी एक चौरस मिलिमीटरची बारीक वायर होती, बॅटरीपासून फ्रीजपर्यंत सुमारे सात मीटर. जायची सात आणि यायची सात, मिळून चौदा मीटर तांबं. एवढ्या वायरीचा रोध पाव ओमच्या आसपास येतो. पाच अ‍ॅम्पिअर वाहिले की सव्वा व्होल्ट वायरीतच संपतो. गाडी चालू असताना इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर १४ व्होल्ट देतो, त्यातला सव्वा गेला तरी फ्रीजला पुरेसं मिळतं. गाडी बंद झाली की बॅटरीचे १२.४, त्यातून सव्वा वजा, आणि फ्रीजचं बॅटरी-संरक्षण, म्हणजे व्होल्टेज खाली गेलं की फ्रीज आपोआप बंद करणारी सोय, म्हणतं की बॅटरी संपली. बॅटरीत वीज बरीच शिल्लक असते. सहा चौरस मिलिमीटरची वायर टाकली की हीच घट ०.२ व्होल्टवर येते. त्या गाडीत तेवढंच केलं, बॅटरीजवळ १५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज घातला, आणि फ्रीज चालू राहिला.

यात लक्षात ठेवायचं ते हे की फ्रीज थांबलेला असताना वायरीतून करंटच वाहत नाही, म्हणून मीटर नेहमी चांगलाच आकडा दाखवतो. मोजायचं ते कॉम्प्रेसर चालू असताना, आणि फ्रीजच्या टोकाला. बॅटरीच्या टोकाचा आणि फ्रीजच्या टोकाचा आकडा एकाच वेळी बघा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर पैसे वायरीवर घाला. नवी बॅटरी आणून काहीही बदलणार नाही.

सिगारेट लायटरचं सॉकेट हा दुसरा चोर. त्यातली पिन फक्त स्प्रिंगच्या जोरावर टेकलेली असते, आणि आपल्या रस्त्यांवर ती दर खड्ड्याला थोडी मागे सरकते. पिन हाताला गरम लागत असेल तर वीज तिथेच जळतेय. बऱ्याच गाड्यांत चावी काढली की हे सॉकेट बंदही होतं, म्हणजे तुम्ही जेवायला उतरता तेव्हा फ्रीजही थांबतो. फ्रीजसाठी बॅटरीपासून स्वतंत्र लाइन आणि लॉक होणारा जाड प्लग बसवा. अर्थिंग गाडीच्या पत्र्यावर दिलं असेल तर तिथला रंग खरवडलाय का, वायरीच्या टोकाची धातूची कडी, म्हणजे लग, नीट दाबलाय का, गंज चढलाय का तेही बघा. कोकणात वरचेवर जाणाऱ्या गाड्यांत हिरवट गंज हमखास सापडतो.

फ्रीजच्या बॅटरी-संरक्षणाला बहुधा तीन पायऱ्या असतात. फ्रीज गाडीच्या स्टार्टर बॅटरीवर असेल तर सर्वात वरची पायरी ठेवा, नाहीतर सकाळी गाडी ढकलावी लागेल. फ्रीजसाठी मागे वेगळी बॅटरी असेल तर मधली किंवा खालची. काहींनी ही पायरी कधी बघितलेलीच नसते, आणि वेगळी बॅटरी असूनही फ्रीज वरच्या पायरीवर लवकर बंद होत राहतो.

फ्रीज स्वतःही बोलतो, आपण ऐकत नाही. पुष्कळ चांगल्या १२ व्होल्ट फ्रीजमध्ये सेकॉपचा, म्हणजे पूर्वीच्या डॅनफॉसचा कॉम्प्रेसर असतो. त्याच्या कंट्रोलरला जोडलेला छोटा एलईडी ठरावीक वेळाने लुकलुकतो. एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी. दोनदा म्हणजे पंखा जास्त करंट घेतोय. तीनदा म्हणजे मोटर सुरूच होत नाही, चारदा म्हणजे ती जड भाराखाली पुरेशी फिरत नाही, आणि पाचदा म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग तापलाय. एक आणि पाच हे दोन संकेत सगळ्यात जास्त दिसतात, आणि दोन्हींत फ्रीजचा काही दोष नसतो. पहिल्यात वायर बघा, पाचव्यात हवा.

रात्री संपणारी बॅटरी

उन्हाळ्यात फ्रीज निम्मा वेळ चालला तरी दिवसाला जवळपास पन्नास अ‍ॅम्पिअर-तास लागतात. लेड-अ‍ॅसिडची १०० ची बॅटरी म्हणजे एक दिवस, बस्स. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी ८० च्या वर देते. छतावर १०० वॉटचा सोलर पॅनेल असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला पंचवीस-तीस अ‍ॅम्पिअर-तास मिळतात. पावसाळ्यात आणि दाजीपूरच्या झाडीत त्यातलं फार थोडं हाती लागतं, म्हणून सोलरच्या भरवशावर जंगलात दोन दिवस मुक्काम ठरवू नका. काही नव्या गाड्यांचे अल्टरनेटर बॅटरी भरली असं समजून व्होल्टेज खाली आणतात. अशा गाडीत मागची बॅटरी दिवसभर प्रवास करूनही अर्धवटच भरते. तिथे मागच्या बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज करून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतोच, दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारी साधी रिले चालत नाही.

इन्व्हर्टरवर घरगुती फ्रीज चालवणारेही आहेत. चालतो. पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, आणि फ्रीज थांबलेला असतानाही इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खात राहतो. मोठी बॅटरी आणि घरच्या लाईटसारखी सुरळीत वीज देणारा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तरच या वाटेला जा.

फ्रीजला श्वास घेऊ द्या

फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. ती उष्णता जायला वाट नसेल तर तो तीच हवा पुन्हा पुन्हा तापवत बसतो. सुतार कपाट सुबक करतो, फ्रीज त्यात घट्ट बसवतो, आणि मागे बोटभरही फट ठेवत नाही. खालून गार हवा आत येणारी जाळी आणि वरून गरम हवा बाहेर जाणारी जाळी, दोन्ही हव्यात. नुसती एक जाळी असेल तर हवा हलत नाही. वरच्या जाळीशी १२ व्होल्टचा कॉम्प्युटरमधला छोटा पंखा बसवला की फरक त्याच दिवशी थर्मामीटरवर दिसतो.

उचलता येणाऱ्या फ्रीजचं दुखणं वेगळं. त्याच्या बाजूच्या जाळीला लागून गोधड्या, उशा, चटया कोंबलेल्या असतात, कारण निघताना जागा दिसेल तिथे सामान जातं. जाळीच्या बाजूला चार बोटं जागा मोकळी ठेवा आणि तिथे काही सरकून येऊ नये म्हणून पट्टी मारा. बंद गाडी मेच्या उन्हात उभी असली की आतलं तापमान पन्नासच्या पुढे जातं. अशा हवेत कुठलाही फ्रीज थांबत नाही आणि बॅटरीही टिकत नाही. जेवायला थांबलात तर सावली शोधा, आणि फ्रीजची बाजू उन्हाला येणार नाही अशी गाडी लावा. सोलर असणाऱ्यांना इथे निवड करावी लागते. माझ्या मते दुपारी सावली घ्यावी. उन्हात पॅनेलकडून जे मिळतं त्यातलं बरंचसं तापलेल्या गाडीतला फ्रीजच खाऊन टाकतो.

दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. सहज निसटली तर तिथून गारवा जातोय. चारही बाजूंनी करा. बऱ्याचदा रबर नुसतं चिकट-मळकट झालेलं असतं, कोमट पाणी आणि साबणाने पुसलं की पुन्हा धरतं. आत बर्फाचा जाड थर साचला असेल तर निघायच्या दोन दिवस आधी फ्रीज बंद करून तो वितळू द्या. सुरीने खरवडू नका. आतली नळी फुटली की गॅस गेला, आणि मग खरोखरच नवा फ्रीज घ्यावा लागतो. कोकणातल्या दमट हवेत हा थर कोल्हापुरापेक्षा लवकर चढतो.

घाटातल्या वळणावर दार आपोआप उघडणं हाही नेहमीचा प्रकार. करूळ घाट उतरेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. कडी सैल असेल तर बाहेरून पट्टा बांधा.

बर्फाची पेटी वापरणारे

फ्रीज नसला तरी दोन दिवसांची सहल व्यवस्थित होते, पेटी जाड भिंतीची असली पाहिजे. पेटी माळ्यावरून काढून तशीच भरू नका. तिच्या भिंतीही तापलेल्या असतात. आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून झाकण लावून ठेवा, सकाळी ते पाणी फेका आणि मग खरा बर्फ भरा. लादीचा मोठा तुकडा हळू वितळतो, फोडलेला बर्फ झटपट गार करतो. तळाला लादी आणि फटींत फोडलेला, असं दोन्ही घ्या. प्यायच्या बाटल्यांची पेटी वेगळी ठेवा, कारण ती दिवसभर उघडली जाते. दूध-मटणाची पेटी दिवसातून दोन-तीनदाच उघडायची असा घरात नियम करा.

वितळलेलं पाणी लगेच काढून टाकू नका. बर्फ शिल्लक आहे तोवर ते पाणीही शून्य अंशाच्या जवळ असतं आणि बाटल्यांना सगळीकडून भिडतं. अन्नाचे डबे मात्र त्यात बुडता कामा नयेत.

बाजारातला बर्फ खाण्याचाच असेल असं गृहीत धरू नका. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. तसा बर्फ बंद बाटल्यांभोवती ठेवायला चालतो, सरबतात टाकायला नाही. पांढरा दिसला तरी सरबतासाठी घरचाच बर्फ न्या.

ऑनलाइन मिळणारे हलके, स्वस्त "कूलर-वॉर्मर" डबे घेताना विचार करा. त्यांत कॉम्प्रेसर नसतो, पेल्टियर चकती असते, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती. ती बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम अठरा-वीस अंश गार करते. बाहेर ३८ असेल तर आत १८-२०. पाण्याच्या बाटलीला ठीक, मटण आणि दुधाला अजिबात नाही. वर हा डबा अखंड वीज खातो.

गॅस, १२ व्होल्ट आणि घरची लाईट अशा तिन्हींवर चालणारे थ्री-वे फ्रीज आपल्याकडे थोडेच आहेत, बहुतेक बाहेरून आणलेल्या जुन्या कॅराव्हॅनमध्ये. त्यांना गार व्हायला सहा ते बारा तास लागतात, १२ व्होल्टवर ते फक्त आहे तो गारवा धरून ठेवतात, आणि गाडी उतारावर तिरकी उभी केली की काम सोडतात. थांबल्यावर लेव्हल बघून चाकाखाली फळी घाला. चालत्या गाडीत आणि पेट्रोल पंपावर गॅस बंद, याला अपवाद नाही.

काय न्यायचं, काय नाही

फ्रीज हलका ठेवायचा सोपा मार्ग म्हणजे त्याची गरज नसलेलं सामान बाहेर काढणं. कांदा-लसूण चटणी, लोणचं, टोमॅटो, लिंबू, केळी, बटाटे यांना फ्रीजमध्ये जागा देऊ नका. भाकरीबरोबर खायला भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी आणि कोरडा खर्डा असला की पहिल्या दुपारी फ्रीज उघडायचीच गरज पडत नाही, आणि पहिली दुपार हीच सगळ्यात नाजूक.

मटण आदल्या दिवशी आले-लसूण-हळद-मीठ लावून पिशव्यांत पातळ चपटं पसरा आणि कडक गोठवा. चपट्या पिशव्या लवकर गोठतात, एकावर एक नीट बसतात, आणि फ्रीजमध्ये बर्फाचंच काम करतात. तांबडा रस्सा शिजवून नेत असाल तर परातीत ओतून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत घरच्या फ्रीजमध्ये ठेवा. खोल पातेल्यात झाकून ठेवलेला रस्सा मध्यरात्रीपर्यंत कोमटच राहतो, आणि तो तसाच गाडीत चढला की बाकीचं सामानही तापवतो. पांढरा रस्सा आणि सोलकढी नेऊ नका. नारळाचं दूध फार लवकर बिघडतं. मसाला न्या, नारळ तिथे फोडा.

इन्सुलिन नेणाऱ्यांनी विशेष जपा. ते २ ते ८ अंशांत लागतं, पण गोठलं की निकामी होतं, आणि गोठून पुन्हा वितळल्यावर डोळ्यांना काही वेगळं दिसेलच असं नाही. बर्फाला किंवा फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. डब्यात, टॉवेलात गुंडाळून, दाराकडच्या बाजूला ठेवा.

थर्मामीटर ५ च्या वर गेलेला दिसला तर वास घेऊन निर्णय करू नका, धोकादायक जंतूंचा वास येत नाही. दूध, मटण, मासे, शिजवलेला भात दोन तासांहून जास्त वेळ त्याच्या वर राहिले तर टाकून द्या. हवा ३२ अंशांच्या पुढे असेल तर एकच तास धरा. चारशे रुपयांच्या मटणासाठी लहान मुलाला मालवणात सलाइन लावायची वेळ येऊ देऊ नका.

येताना मासे आणायचे असतील तर त्यांची पेटी वेगळी. माशाच्या वजनाएवढा फोडलेला बर्फ, एक थर बर्फ, एक थर मासे, आणि वर पुन्हा बर्फ. इथे मात्र पाणी साचू द्यायचं नाही. बूच उघडं ठेवा आणि खाली भांडं ठेवा, म्हणजे माशाचं पाणी गाडीत आणि रस्त्यावर सांडणार नाही.

हे सगळं करूनही घरच्या लाईटवर, रिकामा फ्रीज, रात्रभरात ८ अंशांखाली येत नसेल, कॉम्प्रेसर अखंड चालत असेल आणि मागची जाळी तरीही गरम लागत नसेल, तर गॅस गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे. मग मेकॅनिककडे जा. जाताना फ्रीज रिकामा असू द्या, पण गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि थर्मामीटरचे रात्रीचे आकडे लिहून न्या. ते कागदावर असले की मेकॅनिकही थेट मुद्द्यावर येतो.